चिखलासाठी घेतलेले पाय

भात कापणीला आलं की त्याचा वास आमच्या मारुंजीतल्या सोसायटीच्या पार्किंगपर्यंत येतो. कुठून येतो ते कुणालाच सांगता येत नाही. आजूबाजूला बघावं तर टेम्पो, बाइक, पाण्याचे टँकर आणि 'रूम भाड्याने देणे' अशा पाट्या. तरी कार्तिकातल्या एखाद्या सकाळी मी कचऱ्याची बादली घेऊन खाली उतरते आणि तो ओलसर, गोडसर, धसकटांचा वास नाकात शिरतो. मग बादली हातातच राहते. वॉचमन विचारतो, "आंटी, कुछ गिरा क्या?" मी नाही म्हणते. काय गिरा, ते सांगण्याइतकी माझी हिंदी चांगली नाही. मराठीचीही मला खात्री नाही, पण बघू.

आमच्या घरात गोष्टी सांगायचं खातं माझ्याकडे आहे. लग्नात, बारशात, दहाव्याच्या घाटावरसुद्धा, "सुमन, ते सांग गं," अशी फर्माईश होते आणि मी सांगते. माझ्या गोष्टींचा मधला भाग फुगतो, शेवटाकडे येईपर्यंत निम्मे लोक हात धुवायला उठलेले असतात, ही माझी कीर्ती. पण आप्पांच्या, म्हणजे माझ्या वडिलांच्या, शेवटच्या सुगीची गोष्ट मी कधीच सांगितली नाही. कुणी विचारलीही नाही. यंदा ती वर आली ती एका बायपॉडमुळे.

बायपॉड म्हणजे रायफलीच्या पुढच्या अंगाला, लाकडाखाली बसवायचे दोन घडीचे पाय. ते उघडून टेकवले की रायफलीचं वजन हातावर येत नाही, जमिनीवर जातं. हे ज्ञान मला पन्नाशी उलटल्यावर झालं. तोवर माझा नेम फक्त भाकरी तव्यावर टाकण्यापुरता होता, आणि तिथंही कडा दुमडायची.

रायफल माझ्या थोरल्या भावाची, दादाची. हवेच्या दाबावर चालणारी, कागदाच्या निशाणावर मारायची. दादा पिरंगुटच्या कारखान्यातून निवृत्त झाला आणि नांद्यातल्या, म्हणजे माझ्या माहेरच्या, घरी बसला. शेती गेलेली, भाडेकरू पोरं सकाळीच हिंजवडीला पळालेली. घरात तो, वहिनी आणि टीव्ही. मग कारखान्यातल्या एका जोडीदारानं त्याला लवळ्याच्या डोंगरावर, कॉलेजांच्या वरच्या अंगाला असलेल्या एका नेमबाजीच्या हॉलमध्ये नेलं. तेव्हापासून दादा दर रविवारी दाढी करायला लागला. "कागदाला भोक पाडाया डोंगर चढून जात्यात," असं वहिनी सगळ्यांना सांगायची. तक्रारीच्या सुरात सांगायची, पण त्याचा डबा आदल्या दिवशीच घासून ठेवायची.

श्रावणात त्याच्या हातातला कप बशीवर वाजायला लागला.

पहिल्यांदा ऐकलं तेव्हा मी स्वयंपाकघरात होते. तो आवाज मी कपाचा म्हणून ऐकलाच नाही. मी आप्पांचा म्हणून ऐकला. पदराला हात पुसत बाहेर आले तर दादा बसलेला, आणि त्यानं हात पटकन खिशात घातला. आप्पा काखेत घालायचे. त्यांच्या बंडीला खिसे नव्हते.

डॉक्टर म्हणाले, घाबरायचं कारण नाही, हा कंप बऱ्याचदा घराण्यातूनच येतो. हात उचलला, काही धरलं, की सुटतो. मग त्यांनी विचारलं, घरात आधी कुणाला होता का? दादानं क्षणाचाही विलंब न लावता नाही म्हणून सांगितलं. वहिनीनं माझ्याकडे पाहिलं. मी भिंतीवरच्या हाडांच्या सापळ्याच्या चित्राकडे पाहिलं. त्या सापळ्याचे हात तेवढे अगदी स्थिर होते.

*

नांद्याच्या आमच्या खाचरात बुजगावण्याचं डोकं म्हणजे एक काळं मडकं. त्यावर आई चुन्यानं डोळे काढायची. एक मोठा, एक बारका, कारण तिचं लक्ष निम्मं चुलीवर असायचं. दसऱ्याच्या दुसऱ्या दिवशी आप्पा त्यांची परवान्याची ठासणीची बंदूक घेऊन अलीकडच्या बांधावर उभे राहायचे, आणि पलीकडच्या बांधावरचं गेल्या सालचं मडकं एका बारात फोडायचे. मग त्याच काठीवर नवं डोकं चढायचं. जुनं डोकं हातानं उतरवायचं नाही, बंदुकीनंच उतरवायचं, हा आमच्या घराचा नेम. मालक जागा आहे हे रानडुकरांना त्या बारानं कळतं, असं आप्पा म्हणायचे. डुकरांनी ते कधी मनावर घेतलं नाही. पण भावकी जमायची, गूळखोबरं वाटलं जायचं, आणि ते ताट धरायचा मान माझा असायचा. मी त्यातलं निम्मं आधीच खाल्लेलं असायचं.

त्या शेवटच्या सालीही मी ताट धरून उभी होते. दादा नुकता कारखान्यात लागला होता. आप्पांचा चहा सांडतो, हे त्यानं माझ्याआधी हेरलं होतं. बोलायची आमच्या घरात पद्धत नाही. म्हणून त्यानं जांभळीची दुबेळकी फांदी तोडली, सोलून गुळगुळीत केली आणि आप्पा जिथं उभे राहत तिथं, बरोबर त्यांच्या खांद्याच्या उंचीला, बांधाच्या चिखलात रोवून ठेवली. बंदुकीची नळी त्या बेचक्यात टेकवायची, एवढंच.

आप्पा आले. त्यांनी बेचक्याकडे पाहिलं, मग दादाकडे. बेचकं उपटलं आणि खाचरात फेकून दिलं. बंदूक खांद्याला लावली.

मी त्यांच्या अगदी बाजूला होते. नळीचं टोक हवेत बारीक बारीक गोल काढत होतं. ते गोल मोठे होत गेले. आप्पांच्या कानामागून घामाचा ओघळ उतरला. मग त्यांनी बंदूक खाली घेतली.

"आज वारं हाय," ते म्हणाले.

चुलीचा धूर घरावरून सरळ वर जात होता. भाताची एक लोंबी हलत नव्हती. शेजारच्या खाचरातले तात्या थोडा वेळ धुराकडे बघत राहिले आणि म्हणाले, "व्हय, हाय थोडं." सगळ्यांनी माना हलवल्या. त्या वेळी कुणी हसलं असतं तर बरं झालं असतं, असं मला अजून वाटतं.

दुसऱ्या दिवशीही वारं होतं. तिसऱ्या दिवशी आप्पा बांधावर गेलेच नाहीत.

नेम असा की जुनं उतरल्याशिवाय नवं चढत नाही. नवं मडकं न्हाणीपाशी पडून राहिलं, आई त्यात राख भरायला लागली. जुनं मडकं बांधावरच. परतीच्या पावसानं त्याचा बारका डोळा धुऊन नेला. उरलेल्या एका डोळ्याखाली आम्ही सगळं भात कापलं, पेंढ्या बांधल्या, झोडलं. कुठंही वाकलं तरी पाठीवर ते बघणं जाणवायचं. "बघत बसलंय मेलं," आई म्हणायची आणि दिशा बदलून कापायला बसायची. दिशा बदलूनही ते बघायचंच.

आप्पा ओसरीवर त्या मडक्याकडे तोंड करून बसू लागले. त्यांना अमुक एक आजार झाला असं नाही. त्यांनी आधी बंदूक ठेवली, मग विळा ठेवला, मग ताटातली अर्धी भाकरी ठेवायला लागले. होळीच्या आत गेले.

ते मडकं नंतर कधी गेलं, कुणी काढलं, हे मलाही आठवत नाही आणि दादालाही नाही. तिथं आता इमारत आहे. तिथल्या एका बाईकडे मी हळदीकुंकवाला जाते. गॅलरीच्या खुर्चीत बसवलं तर बाहेर पाठ करून बसते. तिला वाटतं मला उंचीची भीती आहे. बांधावरची भीती पाचव्या मजल्यापर्यंत चढते, हे तिला कसं सांगायचं? झालेल्या बाराचा आवाज विरून जातो हो. न झालेल्या बाराचा कुठं जाणार? सुगीच्या दिवसांत मी अजून मधेच थांबते, फोडणीत मोहरी टाकताना, दाराला कडी लावताना. आता होईल, आता होईल, असं काहीतरी कानात उभं राहतं. होत नाही.

*

दसऱ्यानंतरच्या रविवारी दादानं मला हॉलवर सोबत नेलं, कारण वहिनीनं मला तसं बजावलं होतं. हॉल चारी बाजूंनी बंद. खिडक्या नाहीत, पंखेसुद्धा बंद ठेवलेले. दादा पोटावर झोपला, रायफल दोन्ही हातांत धरली, दुर्बिणीला डोळा लावला. मी मागं प्लॅस्टिकच्या खुर्चीवर पर्स मांडीवर घेऊन बसले, जशी दंतवैद्याकडे बसते. रायफलीचं टोक हलत होतं. तो थांबला, श्वास सोडला, पुन्हा घेतला. मग रायफल खाली ठेवली आणि कुणाकडेही न बघता म्हणाला, "आज वारं हाय."

तिथं शिकवणारी केतकी मॅडम चोवीस-पंचवीसची मुलगी. ती हसली. काकांनी विनोद केला असं तिला वाटलं. माझ्या मांडीवरची पर्स खाली पडली.

आपण काय बोललो ते दादाला कळलं होतं. उतारावर गाडी चालवताना तो म्हणाला की दिवाळी झाली की रायफल जोडीदाराला देऊन टाकणार आहे. कुलूप लावून ठेवण्यात काय अर्थ. आवाज अगदी साधा होता. मला तो साधेपणा ओळखीचा वाटला.

संध्याकाळी वहिनीचा फोन आला. वहिनी फोनवर इकडचं तिकडचं बोलत नाही. "वन्सं, मामंजींनी बंदूक ठिवली तवा मी ह्या घरात नव्हते. पर मी ऐकलंय समदं. ह्यांनी ठिवली तर हे बी खुर्चीतच बसत्याल. कायतरी करा."

काहीतरी करा म्हटल्यावर मी ऑनलाइन मागवते. माझा तो स्वभावच आहे. मॅडमला विचारलं तर ती म्हणाली, सोपं आहे, काकांना बायपॉड लावू द्या. आमच्या हॉलमध्ये ज्येष्ठांसाठी टेकू लावून मारायचा वेगळा गटच आहे.

दादा नाही म्हणेल अशी माझी खात्री होती. तो म्हणाला, "दाव बरं कसलं असतंय."

मग एका दुपारी माझ्या घरी, सोफ्यावर, मी चष्मा कपाळावर चढवून मोबाइल धरला आणि दादा शेजारी बसला. किती प्रकारचे ते पाय. बसके, उंच. ताठ मानेचे, मान वळणारे. रबरी तळव्यांचे, पोलादी खिळ्यांचे. लग्नाच्या स्थळांसारखे फोटो सरकवत होतो आम्ही. आणि दादाला उत्साह चढला. किती दिवसांनी त्याचे प्रश्न सुरू झाले होते. हे चिखलात घसरंल का? रबर तर घसरणारच, मी म्हटलं. मग खिळंवालं बघ. बांध एका अंगाला उतरता असतोय, मग मान वळणारं लागंल. लागेलच, मी म्हटलं. वजनाला? वजनदार बरं, रुतून बसेल.

उंची ठरवायला तो चक्क फरशीवर पालथा झोपला. रायफल म्हणून व्हॅक्यूम क्लीनरची नळी. मी तिच्याखाली लेकीची इंजिनिअरिंगची पुस्तकं रचत गेले. त्या पुस्तकांचा आमच्या घरात झालेला हा पहिला उपयोग. "आजून वर," दादा म्हणाला. "मदी धसकाटं येत्यात." मी आणखी एक पुस्तक सरकवलं. शिंप्याच्या टेपनं माप घेतलं. आमचे हे पेपरातून डोकं वर काढून आमच्याकडे बघत होते. फरशी पुसणाऱ्या बाईला तेवढं म्हणाले, "आज राहू द्या, तिथं कापणी चालू आहे." मला वाटलं, नेहमीप्रमाणे आमची चेष्टा करतायत.

आम्ही सगळ्यांत उंच, वजनदार, मान वळणारा आणि पोलादी खिळ्यांचा बायपॉड मागवला. दोघंही फार खूश होतो. मी तर चहाला आलं जास्त घातलं.

पार्सल आलं, पुढच्या रविवारी आम्ही हॉलवर गेलो. दादानं तो रायफलीला बसवला. पाय उघडताना खटखट असा सुरेख आवाज आला. त्यानं रायफल फरशीवर ठेवली आणि ती हळूच एका अंगाला सरकली. खिळ्यांनी चकचकीत फरशीवर दोन पांढरे ओरखडे काढले.

केतकी मॅडम वाकून बघायला लागली. "काका, हा शेतातला आहे. आपली तर फरशी आहे ना. आणि केवढा उंच घेतलात?"

ती पोर सहज बोलली होती. दादा गुडघ्यावर बसला होता, तसाच राहिला. मग माझ्याकडे वळला.

"सुमे, आपण हे कुटं मोजलं गं?"

खरं तर माझ्या घरी मोजलं होतं, फरशीवर, सोफा आणि टीव्हीच्या मधे. पण तोंडातून आलं ते वेगळंच.

"बांधावर."

त्यानं मान हलवली. दोघांच्याही डोळ्यांसमोर ज्या जमिनीवर पाय टेकवायचे होते ती जमीन आता उरलीच नव्हती, कागदोपत्रीही नव्हती. त्या दिवशीची सगळी दुपार आम्ही दोन म्हातारी होऊ घातलेली माणसं एका मेलेल्या माणसासाठी टेकू शोधत होतो. त्याच्या चिखलात रुतेल असा, त्याच्या धसकटांवरून जाईल असा. आणि कुणाच्याही लक्षात आलं नव्हतं. लक्षात आलं असतं तर इतका आनंद झाला नसता, हे आणखी वाईट.

दादानं बायपॉड खोलून खोक्यात घातला. घरी वहिनीला एवढंच म्हणाला की जमत न्हाई, सोड.

वहिनीनं खोकं उघडलं. पाय उलटसुलट करून बघितले, खिळ्यावर अंगठा फिरवला. रायफल, नेम, बांध, मडकं, यातलं तिला काहीच दिसत नव्हतं. तिला दोन टोकदार नळ्या दिसत होत्या. "काठीला रबार बसवत्यात न्हवं?" ती म्हणाली. "ते घालून बघा की ह्याला."

म्हाताऱ्यांच्या काठीच्या टोकाला असतात ते रबरी बूट. मी पौडला बशीरभाईंच्या मेडिकलमध्ये गेले. आमच्या माहेरची औषधं त्यांच्या वडिलांपासून त्याच दुकानातून. बशीरभाईंनी फळीवरून डबा काढला आणि माप विचारायचं म्हणून विचारलं, "कुणाच्या काठीला सुमनताई?"

मी म्हटलं, "आप्पांच्या."

शब्द बाहेर पडला आणि मी काउंटरच्या काचेकडे बघत राहिले. काचेखाली गोळ्यांची पाकिटं, त्यांच्यावर माझं तोंड. आप्पांना जाऊन इतकी वर्षं झाली की बशीरभाईंचे काळे केस आता मेंदीचे झालेत. आप्पांच्या मयताला बशीरभाई स्वतः खांदा द्यायला आले होते. त्यांनी डब्यातून दोन रबरं निवडली, बोटांनी दाबून बघितली आणि कागदात गुंडाळली.

"हे न्या," ते म्हणाले. "मऊ हाय. फरशीवर घसरायचे न्हाईत त्ये."

मी पिशवी घेतली आणि जवळजवळ पळतच बाहेर आले. रस्ताभर मला कुणीतरी बरोबर चालतंय असं वाटत होतं, अगदी बेतानं, नवीन रबराची सवय नसल्यासारखं.

*

काल रविवार होता. वहिनीही आली. लग्नानंतर पहिल्यांदाच ती लवळ्याचा डोंगर चढली, तेही रिक्षानं, दोन गोधड्या मांडीवर घेऊन. गोधड्या अशासाठी की पाय उंच ते उंचच. ते खाली येईनात, तर दादाला वर चढवायचा. केतकी मॅडमनं सतरंजीवर गोधड्या पसरल्या. बाकीचे नेमबाज, कॉलेजची पोरं सगळी, आदरानं दुसरीकडे बघत होती. आमचं खटलं एखाद्या बाळंतिणीच्या खोलीसारखं दिसत होतं.

दादा पालथा झोपला. रायफल काठीच्या रबरांवर उभी राहिली. सरकली नाही. मॅडमनं सांगितलं, "काका, पुढचा हात काढून घ्या आता. त्याचं काम संपलं."

त्यानं डावा हात काढून घेतला. त्या हाताचं काय करायचं ते त्याला कळेना. क्षणभर तो खिशाकडे गेला, पण झोपलेल्या माणसाला खिसा सापडत नाही. मग तो गोधडीवर पडून राहिला.

छऱ्यांची डबी माझ्या मांडीवर होती. मॅडमनं एक छर्रा भरून दिला आणि मागं सरकली. दादाची पाठ वर-खाली होत होती. मग संथ झाली, मग थांबली. ही वेळ मला पाठ आहे. हिची लांबी, हिचा घाम, हिच्यातला सरळ वर जाणारा धूर. वहिनीच्या बांगड्या वाजायच्या थांबल्या. आता तो डोकं उचलेल आणि म्हणेल, याची मी वाट बघत होते. तो म्हणू नये म्हणून मी माझे ओठ मिटून घेतले होते, जणू शब्द माझ्याच तोंडून निघणार होता. माझ्या मागं कुणीतरी उभं होतं. मी वळून पाहिलं नाही.

टप्, असा आवाज झाला. एखादी शेंग उन्हात तडकते एवढाच.

कागदावर भोक पडलं होतं, काळ्या गोलाच्या पार बाहेर, डावीकडे. कॉलेजच्या पोरांपैकी कुणीतरी हळूच चुकचुकलं. वहिनीनं मला कोपरानं ढोसलं, म्हणजे लागला का? मी मान हलवली. कसली हलवली, मलाच माहीत नाही.

दादानं डोळा दुर्बिणीवरून काढला नाही. डोकं तसंच ठेवून त्यानं डावा हात मागं केला, माझ्याकडे, तळवा उघडा. हात हवेत आला तसा कंप सुटला. चांगलाच सुटला. पोरं बघत होती, मॅडम बघत होती, वहिनी बघत होती. तो लपवला गेला नाही. तो तसाच थरथरत, सगळ्यांसमोर, उघडा राहिला.

"दे की," तो म्हणाला.

मी डबी उघडली, एक छर्रा चिमटीत धरला आणि त्याच्या तळव्यावर ठेवायला गेले. डाळीच्या दाण्याएवढा जीव त्याचा. तळवा हलत होता म्हणून तो ठेवता येईना. मग लक्षात आलं की माझी चिमटीही हलतेय. थोडा वेळ गेला. दादानं हात मागं घेतला नाही.